हेळवाकच्या नैर्ऋत्येला

"मॅडम, मग धरणातलं सगळं पाणी सोडून दिलं, तर भूकंप बंद होतील का?"

सातवी-आठवीतल्या एका मुलीने विचारलेला हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून हटलेला नाही. माझी मामेबहीण पाटण तालुक्यातील एका शाळेत शिकवते. तिच्या वर्गाबरोबर मी कराडजवळच्या हजारमाची येथील पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत गेले होते. कोयना धरणाच्या परिसरात जमिनीत खोलवर विवरे घेऊन भूकंपांचा अभ्यास करणारी ही प्रयोगशाळा आहे. कराड-पाटणकडच्या माणसांना भूकंप नवा नसतो, परंतु भूकंप जिथे जन्माला येतो तो खडक डोळ्यांनी पाहायला मिळेल, असे आम्हां कोणाला कधी वाटले नव्हते. मुले सुरुवातीला सहलीच्या उत्साहात होती. डब्यांची, बसमधल्या जागांची आणि परतताना कुठे थांबायचे याचीच चर्चा चालली होती. खडकांच्या पेट्या उघडल्या गेल्या तेव्हा मात्र ती आपोआप गप्प झाली.

लांबट पेट्यांमध्ये, खाचांतून ओळीने मांडलेले गोल दांडे होते. मनगटाएवढ्या जाडीचे, दगडाचे. प्रत्येक तुकड्याजवळ तो किती मीटर खोलीवरून आला याची नोंद होती. पहिल्या पेट्यांत आमच्या ओळखीचाच काळा पाषाण होता. आमच्या घरांच्या जोत्यात, देवळांच्या पायऱ्यांत आणि बांधावरच्या दगडी तालींत दिसतो तोच. कुठे घट्ट, कुठे बारीक भोकांनी भरलेला आणि त्या भोकांत पांढरी स्फटिके. एका कर्मचाऱ्याने ओला बोळा त्यावरून फिरवला आणि कोरडा, धुरकट दगड क्षणात गडद होऊन त्यातला हिरवट, तांबूस रंग वर आला. मग पुढच्या पेट्या. तिथे काळेपण एकाएकी संपले होते आणि करड्या-गुलाबी रंगाचा, दाणेदार, चमकणारा, पूर्णपणे परका वाटणारा दगड सुरू झाला होता. तो ग्रॅनाइट. त्यातल्या एका तुटलेल्या तुकड्याचा पृष्ठभाग तुळतुळीत होता आणि त्यावर एकाच दिशेने ओढल्यासारख्या बारीक रेघा होत्या. शास्त्रज्ञ बाईंनी सांगितले, की खडकाचे दोन भाग प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासून सरकले, त्याच्या या खुणा आहेत. मुलांनी आळीपाळीने त्या रेघांवरून नख फिरवून पाहिले. मीही पाहिले. रेघा स्पष्ट लागत होत्या.

तो प्रश्न त्यानंतर आला. आमच्यापैकी एका शिक्षकांनी "असलं काही विचारू नकोस" अशा अर्थाने मान हलवली, कारण धरणाबद्दल असे बोलणे आमच्याकडे कोणालाच सोयीचे वाटत नाही. बाई मात्र अवघडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाही बाळा. बंद होणार नाहीत. आणि पाणी एकदम कमी केलं, तर त्यानेही धक्के येऊ शकतात." मुलीने ते वहीत लिहून घेतले. तिच्या चेहऱ्यावरून तिचे समाधान झाले असे दिसले नाही. पुढच्या गटाची वेळ झाली होती, त्यामुळे बोलणे तिथेच थांबले.

आमच्या लहानपणी हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही, हे मला परतताना बसमध्ये जाणवले. माझे आजोळ कोयना धरणाजवळच्या हेळवाकच्या बाजूला. तिथे भूकंपाची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची येई आणि अजूनही येते. कोयना परिसरात सौम्य धक्का, तीव्रता रिश्टर स्केलवर अमुक, केंद्रबिंदू हेळवाक गावाच्या नैर्ऋत्येला इतके किलोमीटर, कोठेही हानी नाही, धरण सुरक्षित आहे. ही ओळ वाचून झाली, की मामा पान उलटत. ती बातमी खोटी नसते, आणि धरण सुरक्षित असणे ही खाली कराड-सांगलीपर्यंत राहणाऱ्या लाखो माणसांच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. तरीही हे का होते, यापुढे काय होऊ शकते आणि आम्ही काय करायचे, यांतले एकही अक्षर त्या चार ओळींत कधी नसते. केंद्रबिंदूच्या दिशेने मात्र आमच्या गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या छापून येत राहिले.

आजीला कारणांची गरज नव्हती, तिला रात्र आठवत होती. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. थंडी इतकी, की सगळे गोधड्या डोक्यावरून ओढून झोपलेले. आधी जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज आला, मग उतरंड कोसळली, मग वरून कौले आणि शेवटी पाठची भिंत बाहेरच्या बाजूला गेली. "भिंत आत पडली असती तर तुझी आई नसती," हे वाक्य ती इतक्या शांतपणे म्हणे, की लहानपणी त्याचा अर्थच लागत नसे. कोयनानगरमधील बहुतेक इमारती त्या पहाटे पडल्या आणि सुमारे १८० माणसे गेली. वीजनिर्मिती थांबल्याने दूर मुंबईत अंधार झाला. त्यानंतर कित्येक रात्री गावाने गवताच्या छपरांखाली, उघड्या शेतात, शेकोट्या पेटवून काढल्या. धरणात बसवलेल्या यंत्राने टिपलेली त्या हादऱ्याची नोंद जगभरातील धरण-अभियांत्रिकीच्या अभ्यासात आजही वापरली जाते. आजीने जे अंगावर झेलले त्याचा हा कागदावरचा आलेख आहे, हे मला खूप उशिरा समजले आणि ते वाचताना अभिमान वाटावा की वाईट, हे मला ठरवता आले नाही.

दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, तिथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असा तोवरचा समज होता. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठू लागले आणि पाठोपाठ लहान धक्के जाणवू लागले. यंत्रे बसली, नोंदी सुरू झाल्या. १९६७ च्या सप्टेंबरात पाचहून अधिक तीव्रतेचा धक्का आला आणि तीन महिन्यांनी ६.३ चा. त्याच दशकात चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्टा या जलाशयांजवळही सहाच्या वरचे भूकंप झाले होते. त्या मालिकेतील सर्वांत मोठा आणि सर्वांत घातक भूकंप आमच्या वाट्याला आला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि भूकंपांच्या नोंदी वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी मांडून पाहिल्या. पावसाळ्यात पाणी वेगाने चढते तेव्हा आणि त्यानंतर ते उतरू लागते तेव्हा धक्क्यांची संख्या वाढते, हे त्यातून स्पष्ट झाले. पाणी किती भरले यापेक्षा ते किती वेगाने भरले आणि वरच्या पातळीवर किती काळ राहिले, याला महत्त्व असल्याचे दिसले. दक्षिणेला वारणा धरण १९८५ च्या सुमारास भरू लागले आणि पुढे धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही पसरले.

एवढ्या वर्षांत इथे पाचच्या वरचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत.

कोयनेच्या जलाशयात पूर्ण भरल्यावर १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे जवळपास ३०० कोटी टन पाणी मावते. हे ओझे जमिनीवर येते, हा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. पाणी खडकातील भेगांमधून हळूहळू खाली झिरपते आणि भेगांतल्या पाण्याचा दाब वाढतो. भेगेच्या दोन बाजू ज्या घर्षणाने एकमेकींना धरून असतात, ते घर्षण त्या दाबामुळे सैल पडते. मात्र या दोन्ही गोष्टी मिळूनही ६.३ चा भूकंप घडवण्याइतकी शक्ती तयार होत नाही. ती शक्ती आधीपासूनच खडकात साठलेली असते. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयापाशी अडतो आहे. त्याचा ताण थेट आपल्या सह्याद्रीखालच्या जुन्या भेगांपर्यंत पोहोचतो. त्या भेगा तुटण्याच्या काठावर होत्या आणि आहेत. पाण्याने त्यांना शेवटचा, लहानसा धक्का दिला. म्हणूनच शास्त्रज्ञ या भूकंपांना जलाशयाने निर्माण केलेले न म्हणता जलाशयामुळे चालना मिळालेले म्हणतात.

हे सगळे वर्षानुवर्षे वरून, यंत्रांच्या रेघांवरून केलेले अनुमान होते. खाली उतरून पाहण्याचे काम अलीकडचे. जवळपास ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात भूकंप एकवटलेले, खोली बहुतेक दहा किलोमीटरच्या आतली, आसपास ५० किलोमीटरपर्यंत दुसरे भूकंपक्षेत्र नाही आणि धक्के वारंवार येणारे. जगात अशी जागा मिळणे दुर्मीळ आहे. म्हणून आधी सुमारे दीड-दीड किलोमीटर खोलीची अनेक विवरे घेतली गेली. रासाटी येथे काळा पाषाण सुमारे ९३३ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली, मध्ये गाळाचा एकही थर न लागता, थेट ग्रॅनाइट लागला. वरचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आणि खालचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. म्हणजे मुलांनी दोन पेट्यांमधले वीतभर अंतर ओलांडून हात पुढे नेला तेव्हा त्यांनी केवढा काळ ओलांडला, याचा विचारही दमवून टाकतो. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले. तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास पाषाण आणि पुढे तळापर्यंत ग्रॅनाइट. काही विवरांच्या तळाशी आता भूकंपमापक बसवलेले आहेत. वरच्या वाऱ्या-पावसाचा आणि वाहनांचा गोंगाट तिथवर पोहोचत नसल्याने अगदी क्षीण हालचालही त्यांना नीट ऐकू येते.

या विवरांनी जे दाखवले त्यातल्या एका गोष्टीने मी सर्वाधिक हलले. तीन किलोमीटर खोलीपर्यंत खडकात पाणी आहे, आणि ते पावसाचे पाणी आहे. आमच्या डोंगरांवर आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, इरली-घोंगडी घेऊन माणसे चिखलणी-लावणीला जातात, दारातल्या खाचरांतून पाणी अखंड वाहत असते. त्यातले काही पाणी फार प्राचीन काळापासून भेगाभेगांतून इतके खाली उतरत आले आहे, हे मला आधी माहीत असते तर मी पावसाकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते. त्याच खोल ग्रॅनाइटमध्ये खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना सूक्ष्मजीवांचे अस्तित्व आढळले आहे. प्रकाश नाही, अन्न म्हणावे असे फारसे काही नाही, तरीही जगणारे जीव. भूकंपाचे कारण शोधायला गेलेल्या विवरातून जीवसृष्टीबद्दलचा असा पुरावा हाती यावा, हा विज्ञानातला मोठा आनंद आहे आणि तो वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांत मला दिसत होता.

आणि तरीही एक अस्वस्थता उरते. कोयनेचा उल्लेख शास्त्रीय लेखनात अनेकदा 'नैसर्गिक प्रयोगशाळा' असा होतो. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो अचूक आहे. पण त्या प्रयोगशाळेत माझ्या आजीची उतरंड होती. धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांतले कितीतरी जण सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगले, आणि जे काठावर राहिले त्यांच्या घरांखालची जमीन हलत राहिली. वीज मुंबई-पुण्याला गेली, महाराष्ट्र उभा राहिला, आम्हीही त्याच विजेवर अभ्यास केला. यातले काहीही एकमेकांना खोडून काढत नाही. मला धरण नको होते, असे मी म्हणू शकत नाही. मला एवढेच वाटते, की ज्यांच्या अंगणाखालून इतके ज्ञान निघाले, त्यांच्या ओसरीवर ते सर्वांत आधी पोहोचायला हवे होते. ते बरेच उशिरा येते आहे. आता शाळकरी मुलांच्या हातात तो दगड दिला जातो आहे, याचे मोल म्हणून मला फार मोठे वाटते.

किल्लारीची आठवण इथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले होते. तीव्रता कोयनेच्या जवळपास, मृत्यू मात्र दहा हजारांच्या घरात. तिथे कोयनेसारखा प्रचंड जलाशय नव्हता, पण पाषाणाखाली तोच जुना, ताणलेला खडक होता. आणि वर होती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींवर, लाकडी खांबांवर तोललेली जडशीळ माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारे ते छप्पर पहाटे माणसांवर आले. कोयनेची कौले त्या मानाने हलकी होती. माणसांना जमिनीच्या हालचालीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घराच्या बांधणीने मारले, हे दोन्ही ठिकाणांनी दाखवून दिले आहे.

आजोळी गेले तेव्हा हे सारे मी मामांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "रोज थोडं थोडं निघून जातं ते बरंच की. साठून राहायचं नाही." आमच्याकडे घरोघर हाच दिलासा आहे आणि मीही तो ऐकतच मोठी झाले. पण तो खरा नाही. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला, की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. म्हणजे सहाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघून जायला तीनचे सुमारे ३२ हजार भूकंप व्हावे लागतील. लहान धक्के मोठ्या धक्क्याचे ऋण फेडत नाहीत. हे सांगताना माझा आवाज थोडा अडखळला, कारण एखाद्याच्या पन्नास वर्षांच्या दिलाशाला हात लावण्याचा आपल्याला अधिकार आहे का, असे वाटत होते. मामा घाबरले नाहीत. त्यांनी विचारले, "मग कधी येणार, हे सांगतात का ते?" मी म्हणाले, नाही. तारीख आणि वेळ सांगणारे शास्त्र आज जगात कोणाकडेही नाही, आणि सांगितल्याचा दावा करणारे मोबाइलवरचे निरोप पुढे पाठवू नयेत. "बरं," ते म्हणाले, "नाही तर नाही. तसं सरळ सांगितलेलं बरं."

त्या मुलीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला आता असे द्यावेसे वाटते. पाणी सोडून दिले तरी खडकातला ताण निघून जाणार नाही, कारण तो धरणाने आणलेला नाही. झिरपलेले पाणी लगेच वर येणार नाही. साठा झपाट्याने उतरवला, तर ओझे आणि भेगांमधला दाब यांचा तोल पुन्हा बदलेल आणि तोही धक्क्यांना निमित्त होऊ शकेल. धरण भरण्याचा वेग सांभाळणे उपयोगाचे आहे, परंतु सह्याद्रीतला पाऊस तेवढी मुभा दर वर्षी देईलच असे नाही. म्हणजे भूकंपासोबत राहायचे आहे. तसे राहण्यासाठी सहा किलोमीटरपर्यंत खाली जाण्याचा जो संकल्प शास्त्रज्ञांनी केला आहे तो पुढे जायला हवा, हे मी मनापासून म्हणते. तिथे, भूकंप प्रत्यक्ष घडण्याच्या खोलीवर, मोठ्या हादऱ्याआधी खडकात काय बदलते, हे कदाचित पहिल्यांदा पाहता येईल.

मामांचे घर सध्या बांधायला काढले आहे. जुनी दगड-मातीची भिंत उतरवून तेच दगड पुन्हा वापरायचे ठरले आहे, कारण दगड चांगले आहेत आणि पैसे मोजके आहेत. त्यांचा पुढचा प्रश्न तारखेचा नव्हता, भिंतीचा होता. जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांच्या वरची बाजू) आणि छत या तीन पातळ्यांवर घराला चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा हवा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या हव्यात, दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड हवेत आणि दरवाजे-खिडक्या कोपऱ्याला खेटून नकोत, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवले. गवंडी शेजारीच बसला होता. लिंटेलचा पट्टा फक्त खिडक्यांवर तुकड्यातुकड्याने टाकायची त्याची सवय. तो सलग का हवा, हे त्याला कोणी आजवर सांगितलेच नव्हते. सळईचा खर्च किती वाढेल याचा त्याने तिथल्या तिथे हिशेब केला आणि मामांनी तो मान्य केला. मामेबहिणीने आता ठरवले आहे, की पुढच्या वर्षी हजारमाचीला मुलांबरोबर पालकांनाही न्यायचे, आणि त्यांत गावातले दोन्ही गवंडी असतील. तशी विनंती करणारे पत्र तिने लिहायला घेतले आहे.